एका दिवसाचं वाळवंट

चिंचपोकळीत वाढलेल्या पोरांना फोटोग्राफीचा क्लास लावावा लागत नाही. चिंतामणीच्या आगमनाला एकदा गर्दीत उभं राहायचं, मोबाइल धरलेला हात डोक्याच्या वर न्यायचा, मागून धक्के बसत असताना तो स्थिर ठेवायचा आणि मूर्तीचा चेहरा फ्रेममध्ये आला की बटण दाबायचं. हे जमलं की झालात तुम्ही फोटोग्राफर. आमच्या चौघांच्या गँगकडे असे शेकडो फोटो आहेत. ढोल, गुलाल, माणसंच माणसं. रिकामी फ्रेम मात्र एकाही फोनमध्ये नव्हती.

त्यामुळे कॉलेजच्या फोटो स्पर्धेचा विषय ‘ओसाड’ असा जाहीर झाला तेव्हा आमची पंचाईत झाली. गिरणगावात ओसाड आणायचं कुठून? बंद गिरण्यांच्या जागीसुद्धा आता टॉवर उभे आहेत. मग नेहमीचं सुरू झालं. जैसलमेरला जाऊ, कच्छच्या रणात जाऊ. तिकिटं बघितली, तारखा बघितल्या, खिसे बघितले आणि गप्प बसलो. हातात एकच रविवार होता, तोही परीक्षेनंतरचा, एप्रिलमधला.

वाट दाखवली ती आमच्या आण्णांनी. आण्णा म्हणजे माझे आजोबा. मूळ पारनेर तालुक्यातले, पण आयुष्य गेलं गिरणीत आणि चाळीत. खाटेवर पडल्या पडल्या ते आमची चर्चा ऐकत होते. म्हणाले, “वाळवंट बघायला राजस्थान कशाला पाहिजे? निघोजला जा. कुंडावर. दगड बघा, निवडुंग बघा, संध्याकाळी परत या.”

सह्याद्रीच्या पलीकडे

शेजारच्या दादाची इको गाडी ठरवली आणि पहाटे साडेतीनला निघालो. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा, बेल्हे, अळकुटी आणि मग निघोज. दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. दोन तास झोपेत गेले, पण पुढचं जागेपणी बघण्यासारखं आहे. पावसाळ्यात माळशेजमध्ये धबधबे बघायला आपण जातो, तोच घाट चढून वर गेलं की चाळीसेक किलोमीटरमध्ये देश पार बदलतो. झाडं बुटकी होतात, पानं बारीक होतात, काटे मोठे होतात.

भूगोलात आपण ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ पाठ केलेला असतो. तो असा डोळ्यांनी दिसतो. अरबी समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात आणि पलीकडे उतरतात ते कोरडे होऊन. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पारनेरच्या वाट्याला त्याचा जेमतेम चौथा हिस्सा येतो. भूगोलाच्या व्याख्येत हे वाळवंट बसत नाही, हा अवर्षणप्रवण भाग. पण इथल्या झाडांना व्याख्या माहीत नसते. वर्षातले सात-आठ महिने कोरडे काढायचे असतात, एवढंच त्यांना कळतं.

दूध येतं की नाही?

निघोज गावापासून कुंड तीनेक किलोमीटरवर आहे. आम्ही अलीकडेच गाडी थांबवली, कारण बांधावर निवडुंग दिसला. चौघंही एकाच झाडावर तुटून पडलो आणि पहिल्या दहा मिनिटांत चाळीस फोटो काढले. सगळे सारखे, सगळे टाकाऊ. मागे विजेचा खांब, पुढे सावलीचा डाग, मध्ये हिरवा गोळा.

मग जरा सावकाश बघायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की आपण ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो त्यात दोन वेगवेगळी घराणी आहेत. हाताच्या पंजासारखे चपटे तुकडे एकावर एक जोडल्यासारखा दिसतो तो फड्या निवडुंग. हा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिका खंडातला. बांधावर उभा असलेला तीनधारी निवडुंग आणि पेन्सिलीसारख्या हिरव्या काड्यांचा शेर हे मात्र एरंडाच्या कुळातले. दोन्हीकडे पाणी साठवणारं मांसल खोड, दोन्हीकडे पानं जवळपास नाहीत. नातं काहीच नाही, पण कोरड्या हवेत तगायचं एकच गणित दोघांनी आपापल्या खंडात वेगवेगळं सोडवलं आणि उत्तर सारखं आलं. ओळखायची खूण सोपी आहे. एरंडाच्या कुळातल्यांना जखम झाली की पांढरा चीक वाहतो, कॅक्टसला तसा येत नाही.

ही खूण तपासायला आमच्यातल्या एकाने शेराची काडी मोडली. टपकन चीक हातावर. तो हात तसाच कपाळाकडे नेणार, इतक्यात शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजी ओरडल्या, “आरं पोरा, डोळ्याला हात लावू नगंस! आंधळा व्हशील!” आजींचं बरोबरच होतं. हा चीक डोळ्यात गेला तर प्रचंड आग होते आणि दृष्टीलाही इजा होऊ शकते. त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं. उन्हातल्या माणसाने दिलेलं पाणी होतं ते. फोटोसाठी झाड मोडायचं नाही, हा धडा आम्हाला असा मिळाला.

त्यानंतर आम्ही झाडाला हात न लावता त्याच्याभोवती फिरायला लागलो. एवढ्याने फोटो बदलले. सूर्य झाडाच्या मागे घेतला की प्रत्येक काट्याला उजेडाची कड येते. बसून, झाडाच्या उंचीवरून काढला की मागचा विजेचा खांब जातो आणि आभाळ येतं. फड्यावर काट्यांच्या बुडाशी बारीक केसांसारखे झुबके असतात. मोठ्या काट्यांपेक्षा ते वाईट. बोटात गेले की दिसत नाहीत आणि दोन दिवस टोचतात. चिकटपट्टी लावून ओढली की बरेचसे निघतात, हे आम्ही चिकटपट्टी जवळ नसताना शिकलो.

एका फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. बुरशी समजून पुढे जाणार होतो. मैत्रिणीने काडीने एक पुंजका दाबला आणि काडीचं टोक लालभडक झालं. हा कोचिनील जातीचा किडा. निवडुंगाचा रस पितो आणि अंगात लाल रंग बाळगतो. एके काळी याच जातीच्या किड्यापासून कापडासाठीचा किरमिजी रंग बनायचा आणि त्यातून अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींना बक्कळ पैसा मिळायचा. ईस्ट इंडिया कंपनीलाही तो धंदा हवा होता. १७९५ साली ब्राझीलहून किडा भारतात आणला गेला, पण आला तो भलताच भाऊबंद. रंग दिला निकृष्ट, मात्र निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे १९२६ साली त्यातलीच दुसरी एक जात भारतात आणली गेली ती रंगासाठी नव्हे, तर रानोमाळ माजलेला फड्या आटोक्यात आणण्यासाठी. कापडाच्या गिरण्यांच्या वस्तीतली आम्ही पोरं, आणि कापडाच्या रंगाची ही गोष्ट आम्हाला भेटली पारनेरच्या बांधावर. माझा त्या दिवसाचा सर्वांत आवडता फोटो हाच आहे. हिरवा पंजा, पांढरा कापूस आणि त्यावर एक लाल ठिपका.

आजूबाजूला आणखी बरंच होतं. पिवळ्या फुलांचा तरवड, हिवर, बाभळी, घायपात. घायपात मूळची मेक्सिकोकडची. वर्षानुवर्षं नुसती पानं वाढवते, मग एकदाच उंच दांडा टाकून फुलते आणि मरते. काटेरी झुडपाच्या बुडाशी बोटाएवढ्या हिरव्या कांड्या दिसल्या, ते माकडशिंग. आजींनी काठीने दाखवलं म्हणून दिसलं, नाहीतर आम्ही त्यावर पाय देऊन गेलो असतो.

बारा वाजताचा उजेड

कुंडावर पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि मन खट्टू झालं होतं. फोटोग्राफीचा प्रत्येक व्हिडिओ सांगतो की सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढा, दुपारचा उजेड वाईट. मुंबईहून एका दिवसात येणाऱ्याला नेमकी तीच दुपार मिळते.

कुकडी नदी सह्याद्रीत जुन्नर तालुक्यात उगम पावते आणि पुढे घोड नदीला मिळते. निघोजजवळ ती पारनेर आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या मधून वाहते. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळं आहेत. मधलं नदीचं पात्र म्हणजे नुसता काळा कातळ, आणि त्या कातळाला शेकडो भोकं. काही वाटीएवढी, काही विहिरीएवढी, काही एकमेकांत शिरून झालेली लांबलचक घळ. हेच रांजणखळगे.

हे कसं झालं ते खळग्यातच लिहिलेलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्हाचा हा बेसॉल्ट खडक. पावसाळ्यात नदी जोरात वाहते. खडकातल्या एखाद्या भेगेत, खाचेत पाण्याचा भोवरा तयार होतो आणि त्यात एखादा गोटा अडकतो. तो गरागरा फिरत राहतो आणि खडक कुरतडतो. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. हजारो पावसाळे हेच काम. खरं ड्रिल म्हणजे गोटे, पाणी फक्त ते फिरवतं. कोरड्या खळग्यात वाकून बघा, तळाशी ते गोल गुळगुळीत गोटे अजून बसलेले असतात. कामगार पाळी संपल्यावर बसतात तसे.

सुरुवातीचे फोटो इथेही फसले, कारण फोन काळ्या रंगाला घाबरतो. समोर सगळं काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. मग काळा कातळ राखाडी होतो आणि आभाळ पांढरंफटक. उपाय साधा आहे. स्क्रीनवर बोट टेकवायचं, सूर्याची खूण आली की ती खाली ओढायची. खडक परत काळा होतो आणि त्याच्यावरची झिलई दिसायला लागते. दुसरी अडचण मापाची. दहा फुटांचा खळगा फोटोत वाटीएवढा दिसत होता. मग सुरक्षित जागा बघून काठापासून मागे एक पाण्याची बाटली ठेवली. बाटली दिसली आणि खळगा एकदम मोठा झाला.

आणि मग साडेबारा वाजले. एका खोल रांजणाच्या तोंडाशी आम्ही पोटावर झोपून खाली बघत होतो. तोवर तळाशी अंधारच होता. हळूहळू उजेडाचा एक तुकडा भिंतीवरून खाली सरकायला लागला आणि तळाच्या पाण्याला लागला. हिरवं पाणी आतून पेटल्यासारखं झालं. त्याची हलती जाळी काळ्या भिंतींवर नाचायला लागली. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. मग उजेड दुसऱ्या भिंतीवर चढून निघून गेला.

बारा नाही, साडेबाराच का? आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या वेळेने चालतं. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्याजवळ येतो तो अर्धा तास उशिरा. आणि एप्रिलमध्ये तो जवळपास डोक्यावरच असतो. मेच्या मध्यात तर एका दिवशी या भागात आपली सावलीच नाहीशी होते. म्हणजे ज्या दुपारला सगळे वाईट म्हणतात, तीच खोल रांजणाच्या तळाशी उजेड नेणारी एकमेव वेळ. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये अँटिलोप कॅन्यन नावाची लाल घळ आहे. तिच्यात उतरणाऱ्या उजेडाच्या झोतांचे फोटो तुम्ही वॉलपेपरवर पाहिले असतील. तेसुद्धा भरदुपारचेच असतात.

त्या घळीची दुसरी गोष्टही सांगायला हवी. १९९७च्या ऑगस्टमध्ये तिथे अकरा पर्यटक पुरात वाहून गेले. पाऊस घळीवर नव्हे, लांब दुसरीकडे पडला होता. कुकडीवरही वरच्या अंगाला धरणं आहेत. इथे ऊन असतानाही पाण्याचं आवर्तन सुटलं की पात्रातलं पाणी चढतं. रांजणांच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत, आत धरायला काही नाही, पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. इथे पाय घसरून जीव गेले आहेत. आमच्यातल्या एकाला खालच्या पायरीवर उतरून ‘फक्त एक’ फोटो हवा होता. आम्ही त्याच्या शर्टाची कॉलर धरून ठेवली. तो संध्याकाळपर्यंत रुसला होता, पण संध्याकाळी आमच्याबरोबर घरी आला.

ओसाड कुठंय?

रात्री साडेदहाला चाळीत परत आलो. हातपाय धुऊन आण्णांच्या खाटेशी बसले आणि फोटो दाखवायला लागले. स्पर्धेसाठी एक निवडून ठेवला होता. भेगाळलेली जमीन, एकटा फड्या निवडुंग, मागे पांढरं आभाळ. रंग काढून काळा-पांढरा केलेला. मला तो कडक वाटत होता.

आण्णांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग विचारलं, “याला काय म्हणायचं?”

“ओसाड,” मी म्हणाले.

“ओसाड कुठंय? हे आमचं खाणं होतं.”

मग त्यांनी ७२ सालचं सांगितलं. तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे. विहिरी आटलेल्या, जनावरांना वैरण नाही. फड्याचे पंजे तोडून आणायचे, जाळावर धरून काटे जाळायचे आणि तुकडे करून गुरांपुढे टाकायचे. निवडुंगाची लाल बोंडं पोरं खायची, जीभ लाल व्हायची. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची, घरी परदेशातून आलेल्या मिलोची भाकरी, लहान पोरांना सुकडी. बैल विकला गेला आणि आण्णा मुंबईची वाट धरून गिरणीत लागले. गिरणगावातल्या, घाटकोपरातल्या पारनेर-जुन्नरकडच्या अनेक घरांची गोष्ट अशीच सुरू होते. दहा वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते कामही गेलं. पण ते त्यांनी त्या रात्री सांगितलं नाही. नुसता फोन परत दिला आणि म्हणाले, “शेळ्यावाल्या बाईचा फोटो नाय काढला?”

नव्हता काढला. पाणी घेतलं होतं, माकडशिंग बघून घेतलं होतं आणि आजी फ्रेममध्ये येत होत्या तेव्हा त्या बाजूला व्हायची वाट बघत थांबले होते. ‘ओसाड’ दिसायला हवं होतं ना.

झोप लागेना. फोनमधले सगळे फोटो परत चाळले. दिवसभरात आम्हाला काय काय भेटलं होतं! खोडात पाणी कोंडून बसलेली झाडं, कापडाचा रंग अंगात घेऊन फिरणारा किडा, हजारो पावसाळे गोट्यांनी कोरलेले रांजण, शेळ्या, देवळं, आजी. आणि मी त्यातून मेहनतीने एक अशी फ्रेम शोधून काढली होती जिच्यात यातलं काहीच नव्हतं. गर्दीचा फोटो काढताना माणसं मुद्दाम कापावी लागत नाहीत. रिकामा फोटो काढताना मी मात्र कापली होती.

मी प्रवेशिका बदलली. पाठवला तो कोचिनीलचा फोटो. हिरवा पंजा, पांढरा पुंजका, लाल ठिपका. खाली शीर्षक लिहिलं, ‘ओसाड?’ नंबर आला नाही. परीक्षकांचं म्हणणं, फोटो छान आहे, पण विषयाला धरून नाही. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, “बरोबर बोलले की ते.” आणि हसले.

चिंचपोकळी या नावात चिंच आहे आणि पोकळी आहे. जुने लोक सांगतात, चिंचांच्या झाडांची खोलगट जागा ती चिंचपोकळी. आज तिथे एक इंच रिकामा नाही. निघोजहून आल्यापासून पोकळी या शब्दाला मी जरा वेगळ्या नजरेने बघते. वाकून बघितलं तर तळाशी काहीतरी बसलेलं असतं. पावसाळ्यानंतर पुन्हा जाणार आहोत. या वेळी आण्णांनाही घेऊन. आणि त्या आजी भेटल्या तर आधी विचारून, मग फोटो.

तुम्हालाही जायचं असेल तर

• स्वतःची गाडी नसेल तर मुंबईहून रेल्वेने पुणे, तिथून एसटीने शिरूर आणि पुढे निघोज असं जाता येतं. एका दिवसात परतायचं तर पहाटेच निघा.

• रांजण बघायला पावसाळा सोडून जा. पात्रात पाणी वाढलेलं असेल तर काठावरूनच बघा. खळग्यात उतरू नका, ओल्या कातळावर सेल्फी नको.

• टोपी, माणशी तीन लिटर पाणी, बूट, चिकटपट्टी आणि पॉवर बँक जवळ ठेवा. उन्हात फोन तापून बंद पडतो. फोटो काढून झाला की तो सावलीत ठेवा.

• झाड मोडू नका, उपटून आणू नका. माकडशिंगासारखी दुर्लक्षित वनस्पती दिसली तर फोटो टाका, पण नेमकं लोकेशन टाकू नका. लोकेशन बघून उपटून नेणारेही असतात.

• एवढं लांब जमत नसेल तर अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे साठ मीटर उंचीचा, उभ्या खांबांचा बनलेला हा बेसॉल्टचा सुळका निघोजच्या कातळाचाच समवयस्क. लोकलच्या तिकिटात बघता येतो.